पहिलं बाळंतपण आइंडहोवनला की माहेरी?

पत्र: ताई, आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो, नवरा वेल्डहोवनला कामाला आहे, मी पण इथे एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे. सतरावा आठवडा चालू आहे, पहिलंच, जानेवारीच्या शेवटची तारीख दिलीय. अजून एकदाही गायनॅकने बघितलेलं नाही. मिडवाइफ बीपी बघते, ठोके ऐकवते, सगळं छान आहे म्हणते आणि संपलं. माझ्या बहिणीला साताऱ्यात दर महिन्याला सोनोग्राफी होती. इथे मला विचारतात घरी बाळंत व्हायचंय की हॉस्पिटलला! घरी?? कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते एपिड्युरलही देत नाहीत असं ऐकलंय. आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात निघून ये, सासूबाईंचं पण तेच. नवरा म्हणतो तू ठरव. रात्री झोप लागत नाही. काय करू?

अगं, आधी एक सांगते, झोप लागत नाही म्हणालीस ते मी सगळ्यात शेवटी घेणार आहे पण विसरलेले नाही.

तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर सरळ देते. तब्येतीची काही गुंतागुंत नसेल तर तू इथेच बाळंत हो आणि आईला इकडे बोलव. मी स्वतः उट्रेख्तला बाळंत झालेय, नंतर इथल्या कितीतरी मराठी मुलींसोबत त्यांच्या अपॉइंटमेंटला जाऊन बसलेय, आणि माझं मत पक्कं आहे की इथली व्यवस्था चांगली आहे, फक्त ती तोंड उघडणाऱ्या बाईला चांगली आहे. आपल्याकडे डॉक्टर सांगतात आणि आपण मान हलवतो, इथे ते विचारतात तुला काय हवंय आणि तू गप्प बसलीस तर समजतात हिला काही नकोय. आपल्या मुली नेमक्या तिथेच अडकतात, घरी येऊन रडतात पण समोर काही बोलत नाहीत.

गायनॅक का नाही बघत? कारण इथे नॉर्मल गरोदरपण मिडवाइफच्या हातात असतं. ती आपल्याकडच्या नर्ससारखी डॉक्टरच्या हाताखाली नसते, चार वर्षांची डिग्री घेतलेली, स्वतंत्र प्रॅक्टिस करणारी बाई असते आणि बीपी वाढलं, शुगर आली, बाळाची वाढ कमी वाटली, जुळं निघालं की तीच तुला हॉस्पिटलला पाठवते. म्हणजे गायनॅकने बघितलेलं नाही याचा अर्थ आतापर्यंत काही अडचण सापडलेली नाही. सोनोग्राफीचंही तसंच, सुरुवातीची तारीख काढायची, मग तेराव्या आठवड्याची, मग विसाव्याची, आणि त्यानंतर कारण असेल तरच. दर महिन्याला करून बाळ जास्त सुदृढ होत नाही गं, आईच्या जिवाला बरं वाटतं एवढंच, आणि ते बरं वाटणं मला समजतं. आपल्याकडचा दुसरा आकडा पण आईला सांग, 2019-21 च्या सरकारी सर्व्हेप्रमाणे भारतात प्रायव्हेट हॉस्पिटलमधल्या 47 टक्के डिलिव्हऱ्या सिझेरियन होत्या, इथे ते प्रमाण साधारण सहात एक आहे. सिझेरियन वाईट असं अजिबात म्हणत नाहीये, लागतं तेव्हा ते जीव वाचवतं, पण जास्त तपासण्या म्हणजे जास्त काळजी हे गणित नेहमी बरोबर येत नाही.

आता कुठे तोंड उघडायचं ते ऐक. पुढच्या अपॉइंटमेंटला पहिलं विचार, माझी साखरेची ग्लुकोज टेस्ट कधी आहे? आपण दक्षिण आशियाई, आपल्यात प्रेग्नन्सीतली शुगर जास्त निघते, म्हणून इथल्या नियमातच आहे की आपल्यासारख्यांना 24 ते 28 आठवड्यांत ती टेस्ट द्यायची. बहुतेक जणी स्वतःहून देतात पण कधीकधी राहून जातं, तुझ्या फाइलवर लिहून घ्यायला लाव. घरात कोणाला डायबेटिस असेल, आईला, बाबांना, तर तेही सांग, त्यांना आपोआप कळत नाही. दुसरं, तू शाकाहारी असशील तर बी12 तपासून घे, इथे ते रूटीनमध्ये नसतं. हिमोग्लोबिन कमी येऊन आयर्न घेऊनही वाढत नसेल तर थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, कॅरियर आहे का ते बघा म्हणून सांग, डच बायकांमध्ये ते फार कमी असतं म्हणून चटकन डोक्यात येत नाही. व्हिटॅमिन डी तर घेतच असशील, रोज 10 मायक्रोग्रॅम, नसशील तर आजपासून. आणि 22 व्या आठवड्यापासून डांग्या खोकल्याची लस मिळते, फुकट, ती घे, कारण तिचं संरक्षण बाळाला पोटातच मिळतं.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तू विचारलंस तर मुलगा की मुलगी ते सांगू शकतात. भारतात 1994 च्या कायद्याने ते बंद आहे, इथे नाही. तुम्ही दोघांनी आधीच ठरवा विचारायचं का आणि विचारलंत तर घरी सांगायचं का, कारण एकदा फोनवर बोलून गेलं की मग घरातले सूर बदलतात आणि तो त्रास तुला आत्ता नकोय.

घरी बाळंत होण्याचा प्रश्न ऐकून दचकलीस ना, सगळ्याच दचकतात. तो त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे, सक्ती नाही. तुला हॉस्पिटल हवंय तर हॉस्पिटल म्हण, कारण द्यायची पण गरज नाही. एवढंच की वैद्यकीय कारण नसताना स्वतःच्या आवडीने मिडवाइफबरोबर हॉस्पिटल निवडलं तर थोडे पैसे आपल्या खिशातून जातात, काही शे युरो, हॉस्पिटलप्रमाणे बदलतात आणि काही एक्स्ट्रा इन्शुरन्स ते भरून देतात, तर पॉलिसी काढून बघ. मिडवाइफची फी मात्र पूर्ण इन्शुरन्सवर, वर्षाला पहिले 385 युरो आपण स्वतः भरायचे असतात ती कपात त्याला लागत नाही. रक्ताच्या टेस्ट, औषधं, अँब्युलन्सला लागते.

एपिड्युरल देत नाहीत हे साफ खोटं आहे, ज्यांनी सांगितलं त्यांना सांग. हॉस्पिटलमध्ये रात्री तीनला पण मिळतं. गोची अशी की मिडवाइफ स्वतः देऊ शकत नाही, त्यासाठी तुझी केस तिच्याकडून हॉस्पिटलच्या टीमकडे जाते, मग भूलतज्ज्ञ येतो, त्याच्या हातात दुसरी इमर्जन्सी असेल तर वाट बघावी लागते, आणि तू अगदी शेवटी मागितलंस तर वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे कळा सुरू झाल्यावर ठरवू असं करू नको. साधारण तिसाव्या आठवड्याला एक पान लिहून काढ, इथे सगळ्याच लिहितात, त्यात पहिल्या ओळीत लिही की मला एपिड्युरल हवं असेल आणि मी मागेन तेव्हा द्या. त्याखाली लिही की आत कोण असणार, टाके घालताना सांगून घाला, बाळ लगेच माझ्या छातीवर द्या, इंग्लिशमध्ये बोला. नवऱ्याला ते पान पाठ असलं पाहिजे, कारण त्या वेळी तू वाद घालण्याच्या परिस्थितीत नसतेस, बोलायचं काम त्याचं. 'तू ठरव' म्हणतो ना तो, ठीक आहे, ठरवशील तू, पण भांडायला तो उभा राहिला पाहिजे, हे त्याला आत्ताच सांग.

फोन कधी करायचा हे पण फ्रिजवर लावून ठेवा. पहिलटकरणीला कळा चार-पाच मिनिटांवर येऊन तासभर तशाच राहिल्या की फोन, मिडवाइफ बहुतेक वेळा आधी घरी येऊन तपासते आणि मग निघायचं. पण रक्त गेलं, पाणी हिरवट आलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं किंवा बरगडीखाली दुखलं तर तास मोजत बसायचं नाही, लगेच फोन, मध्यरात्र असली तरी. उगाच त्रास दिला असं कोणी म्हणत नाही. आणि फोनवर हळू, सभ्यपणे बोललीस तर त्यांना वाटतं फार काही नाही, म्हणून नेमकं सांग, किती वाजल्यापासून, किती रक्त, कालच्यापेक्षा किती कमी हालतंय.

आता माहेरचं. आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, पहिलं बाळंतपण माहेरी यात नुसती रीत नाही, त्यात आईच्या हातचं गरम जेवण आणि रात्री बाळ घेणारे दोन जास्तीचे हात आहेत. पण तुझ्या बाबतीत अडचणी बघ. विमानवाले साधारण 28 आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि 36 च्या पुढे बहुतेक घेतच नाहीत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुला निघावं लागणार, नवरा इथेच, आणि बाळ पंधरा दिवस आधी आलं तर तो पोचणार पण नाही. इन्शुरन्स ठरवून भारतात जाऊन केलेल्या डिलिव्हरीला किती देईल हे आधी लेखी विचारावं लागतं. आणि जी गोष्ट कोणीच सांगत नाही ती ही की बाळ भारतात जन्मलं तर त्याला इथे आणायला त्याचा स्वतःचा पासपोर्ट आणि मग इथल्या इमिग्रेशनकडून, म्हणजे आयएनडीकडून, प्रवेशाचा परवाना लागतो, आणि त्या निर्णयालाच 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. तुझी रजा तिकडेच संपत येईल आणि बाप बाळाला व्हिडिओ कॉलवर बघत बसेल. हे सगळं मान्य असूनही जायचं असेल तर जा, मी चूक म्हणणार नाही, पण हे माहीत असू दे.

इथे राहिलीस तर बाळंतपणानंतर जे मिळतं ते मला वाटतं या देशातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, क्रामझोर्ख. बाळ झाल्यावर आठ दिवस एक शिकलेली बाई रोज तुझ्या घरी येते, काही तास थांबते. तुझं टेंपरेचर, टाके, पोट बघते, बाळाचं वजन करते, अंगावर पाजायला शिकवते, बाळाला आंघोळ कशी घालायची ते आधी स्वतः दाखवते आणि मग नवऱ्याच्या हातात देऊन बाजूला उभी राहते. चादरी बदलते, बाथरूम पुसते, तुला चहा-टोस्ट आणून देते. काही गडबड दिसली तर मिडवाइफला तीच फोन लावते, आणि मिडवाइफ पण त्या आठवड्यात घरी येऊन जाते, तुला बाळाला घेऊन थंडीत कुठे रांगेत बसावं लागत नाही. बेसिक इन्शुरन्समध्येच आहे, तासाला साधारण 5-6 युरो आपण भरायचे. कागदावर साधारण 49 तास, पण माणसं कमी आहेत म्हणून कधी कमी मिळतात, किमान 24 तरी देतात. हे बुकिंग खरंतर बाराव्या आठवड्याच्या आसपास करायचं असतं, तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस म्हणून विचारते, केलंयस का? नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच कर, जानेवारीच्या शेवटी मिळायला अजून वेळ गेलेली नाही.

त्यांची एक अट असते, तुझा पलंग उंच हवा, जमिनीपासून 70 ते 80 सेंटीमीटर, कारण दिवसभर वाकून त्यांची कंबर जाते. आपले पलंग बहुतेक बुटके असतात, तर पायांखाली लावायचे ठोकळे भाड्याने मिळतात, कधी इन्शुरन्सकडून फुकट. 37 व्या आठवड्याआधी लावून ठेवा, आणि बाळाच्या पाळण्यात ठेवायची गरम पाण्याची धातूची बाटली पण घ्या, झाकण घट्ट लावून कव्हर घालून बाळापासून थोडं लांब ठेवायची असते, ती बाई दाखवेलच.

आईला कधी बोलवायचं यावर जरा भांडणार आहे मी. सगळ्या मुली आईला दोन महिने आधी बोलावतात आणि व्हिसा असतो 90 दिवसांचा, 180 दिवसांत 90, त्यातले साठ वाट बघण्यात जातात आणि बाळ महिन्याचं झालं की आई विमानात. तू आईला तारखेच्या आठवडाभर आधी बोलव, जास्त आधी नको. पहिले आठ दिवस क्रामझोर्खवाली आहे, नवऱ्याला एक आठवडा पूर्ण पगाराची सुट्टी आहे, मग पुढचे दोन-अडीच महिने आई, आणि आई गेल्यावर नवऱ्याने त्याची 70 टक्के पगाराची पाच आठवड्यांची सुट्टी घ्यायची, ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. त्यानंतर अजून नऊ आठवड्यांची पालकत्वाची रजा आहे, पहिल्या वर्षात, तीही 70 टक्क्यांवर. असं लावलंस तर पाच-सहा महिने घरात कोणी ना कोणी असेल. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसच्या अपॉइंटमेंट दिवाळीनंतर भरतात म्हणून सप्टेंबरातच लागा, 30,000 युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो आणि आईच्या बीपीच्या वगैरे गोळ्या असतील तर तीन महिन्यांच्या प्रिस्क्रिप्शनसकट आणायला सांग. डिंक-खारीक आणू दे पण तुपाची बरणी नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमला फेकून देतात आणि आईचा जीव हळहळतो. तूप इथे मिळतं, नाहीतर लोणी कढव.

आई आणि ती डच बाई एका छोट्या घरात आल्या की खटके उडतात हे गृहीत धर. आई खिडक्या बंद करणार, ती उघडणार. आई कुंची घालणार, ती घरात टोपी काढायला सांगणार. शेक-शेगडी, धुरी इथल्या फ्लॅटमध्ये नकोच, स्मोक अलार्म वाजेल हे सोड पण बाळाच्या छातीला धूर वाईट. गुटीत मध नको, एक वर्षापर्यंत मध अजिबात नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, यात आईचं ऐकू नको. झोपवताना उताणं, उशी-दुपटी नकोत, पातळ स्लीपिंग बॅग. पण तेलाचं हलकं मालिश, तुझ्या कमरेला गरम पाण्याची पिशवी, आळिवाची खीर, बाजरीची भाकरी, हे सगळं बिनधास्त होऊ दे, डच बाईला सांगितलंस की आमच्याकडे असं करतात तर ती कौतुकाने बघते. आईला पण आधीच फोनवर सांग काय चालणार नाही ते, दारात उतरल्यावर सांगितलं तर तिला लागेल.

कागदांचं थोडक्यात. बाळाची नोंद तीन दिवसांत खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, करायची आणि तिथे नाव द्यावंच लागतं, बारसं बाराव्या दिवशी असलं तरी. आत्याने कानात सांगायचं ते सांगू दे, पण कागदावरचं नाव आधी ठरवून ठेवा, स्पेलिंगसकट, वडिलांचं नाव मधे घालणार की नाही ते पण. त्याहून महत्त्वाचं, तुमचं लग्न इथल्या नोंदीत आहे का बघ. मॅरेज सर्टिफिकेट अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का घेऊन, नोंदवलं नसेल तर नवऱ्याचं नाव वडील म्हणून आपोआप लागत नाही, वेगळी प्रक्रिया करावी लागते, आणि अपॉस्टिलला भारतातून वेळ लागतो म्हणून हे या महिन्यात. बाळाला डच नागरिकत्व मिळत नाही, तर द हेगच्या भारतीय दूतावासात वर्षाच्या आत जन्माची नोंद, पासपोर्ट, मग आयएनडी. बाळाचा इन्शुरन्स चार महिन्यांत काढायचा, 18 वर्षांपर्यंत हप्ता नाही. आणि आपल्या मुलांना बीसीजी इथल्या सरकारी आरोग्य खात्याकडून, जीजीडीकडून मिळते, आई-बापापैकी कोणी टीबी जास्त असलेल्या देशातलं असेल तर. डच शेजारणीला हे माहीत नसेल, ती म्हणेल आमच्यात नसते, तू विचार.

नोकरीचं. रजा एकूण 16 आठवडे, तारखेआधी सहा ते चार आठवड्यांपासून सुरू, पैसे सरकारकडून, ठराविक मर्यादेपर्यंत पूर्ण पगाराइतके. मधेच कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी रजेचे पैसे थांबत नाहीत. आणि गरोदर आहे म्हणून रिन्यू केलं नाही तर ते बेकायदेशीर आहे, तर अशी काही बोलणी झाली तर ईमेलवर घे. पाळणाघराच्या वेटिंग लिस्टला नाव आत्ताच घाल, हसू नको, खरंच आत्ता.

आता झोप. किती दिवस लागत नाहीये? दोन आठवड्यांच्या वर असेल, दिवसा पण रडू येत असेल, कशात मन लागत नसेल तर मिडवाइफला याच शब्दांत सांग, बीपीइतकीच ही पण सांगायची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे त्यासाठी पाठवायची माणसं असतात. बाळ जानेवारीत येणार, तेव्हा इथे साडेआठला उजाडतं आणि पाचला अंधार, नव्या आईला ते जड जातं, म्हणून बाळंतपणानंतर पण स्वतःवर लक्ष ठेव आणि नवऱ्याला पण ठेवायला सांग. आइंडहोवनला आपली मंडळी भरपूर आहेत, गणपतीला जमतात, त्यात लहान बाळं असलेल्या दोघी-तिघींचे नंबर घेऊन ठेव.

पुढच्या अपॉइंटमेंटला नवऱ्याला बरोबर ने, प्रश्न कागदावर लिहून ने, आणि ग्लुकोज टेस्टची तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नको. क्रामझोर्ख मिळाली की नाही ते मला कळव, मिळत नसेल तर आपण दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी विचारू.

— तुझी ताई